तिसरा पुकारा

कारभारीनानांना हळू बोलता येत नसे. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. एकतीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात पट्टेवाले म्हणून त्यांनी एकच काम केलं होतं: व्हरांड्यात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची. प्रत्येकाचं तीन वेळा. तिसऱ्या पुकाऱ्यालाही माणूस आला नाही, तर आत साहेब कागदावर दोन ओळी ओढत आणि त्याचा दावा निकालात निघे. आवारात वकील, चहावाले, जामीनदार आणि रडणारी पोरं यांचा एवढा गलका असे, की त्यावरून नाव पलीकडे पोचवायचं तर गळा पत्र्याचाच हवा. नानांचा होता. एकाहत्तर साली ते निवृत्त होऊन तिसगावला परत आले, तेव्हा पितळी बिल्ला सरकारजमा झाला. लाल पट्टा मात्र हरवल्याचं त्यांनी लिहून दिलं आणि कोटाच्या आत गुंडाळून तो घरी आणला. हे त्यांनी मला स्वतःच सांगितलं, आणि लगेच पुढे म्हणाले की एकतीस वर्षांत आपल्या नावावर एकही ठपका नाही.

घरीही कोर्ट चालूच राहिलं. चहा हवा झाला की नाना ओट्यावरून पुकारत, "छबूबाई कारभारी, हाजिर होऽ!" बायकोचं नाव असं भर आळीत घेणारा नवरा तिसगावात दुसरा नव्हता. छबूबाईंना पहिलाच पुकारा ऐकू जाई, पण त्या हलत नसत. तिसऱ्याला कप घेऊन बाहेर येत आणि विचारत, "हाय हजर. आता कपबशी इसळायची तारीख कवाची?"

मी नगर जिल्ह्याच्याच दुसऱ्या टोकाचा, अकोले तालुक्यातला. भाताच्या खाचरांत पाय बुडवून वाढलेला माणूस. सरकारने माझी बदली केली ती नेमकी तिसगावच्या शाळेत आणि नेमकी बहात्तर साली, जेव्हा पाथर्डी तालुक्यात पाऊस हा विषय म्हाताऱ्यांच्या आठवणींत जमा झाला होता. मला त्या गावात पहिले सहा महिने काहीही आवडलं नाही. फक्त नाना आवडले.

पेपर शेवटच्या बसने येई, म्हणून मी तो दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेआधी स्टँडवरच्या हॉटेलात वाचून दाखवत असे. दिवाळीच्या सुमारास त्यात एक खटला आला आणि पुढे पाच महिने तो काही हटला नाही. केरळातल्या एका मठाच्या स्वामींनी अर्ज केला होता आणि तो ऐकायला सुप्रीम कोर्टाचे तेरा न्यायमूर्ती एकत्र बसले होते. एवढे एका वेळी पूर्वी कधी बसले नव्हते. प्रश्न असा, की संसदेला घटना बदलता येते हे कबूल, पण कुठवर? सगळीच्या सगळी बदलता येते, की तिच्यात असंही काही आहे ज्याला बहुमतानेसुद्धा हात लावायचा नाही?

हॉटेलात बाकीच्यांना दुष्काळात सरकार वाटत असलेल्या सुकडीचा ट्रक कधी येतो यात रस होता. नानांना या खटल्यात होता. सुरुवातीला त्यांच्या शंका धंद्याच्या होत्या. तेरा साहेब म्हणजे पट्टेवाले किती? तेरा जणांना पाणी नेऊन द्यायचं तर एकट्याचे पाय मोडतील. एकच वकील महिनाभर बोलतोय, मग पुकारा करणारा दिवसभर करतो काय? पण हळूहळू मूळ प्रश्न त्यांच्या डोक्यात शिरला आणि तिथेच ठाण मांडून बसला. संध्याकाळी माझ्या खोलीवर येऊन ते विचारत, "गुरुजी, सगळं बदलता येतं म्हनं. मग उद्या ठरावानं कोर्टच काढून टाकलं तर?" मी त्यांना चहा करून देई. मी इतिहास-भूगोल शिकवत होतो.

अशात आमची गिरणी आडवी आली.

गावात सेवा सोसायटीची एकच गिरणी होती, डिझेल इंजिनावर चालणारी. डिझेल मोजकं मिळत असल्याने ती दुपारी चारला सुरू होई आणि सातला बंद. बायका सकाळीच आपापला डबा दारात रांगेत ठेवून जात. डबा रांगेत लागला की नंबर लागला, मग बाई कुठे का असेना. गिरणीवाला गोरक्ष डब्यांच्या क्रमाने दळायचा आणि दळण झाकून ठेवायचा. हा रिवाज गिरणीइतकाच जुना होता. पण दुष्काळात रेशनवर मिलो, म्हणजे अमेरिकेची तांबडी ज्वारी, आला आणि भांडणं सुरू झाली. कोणाच्या मिलोमागे कोणाची बाजरी दळली गेली, पिठाला तांबूस रंग आला, कोणाचं पीठ कमी भरलं. एके दिवशी सोसायटीचे चेअरमन आबासाहेब यांच्या घरच्या गव्हाला मिलोचा रंग लागला. आठ दिवसांत कमिटीने नियम केला: नंबर येईल तेव्हा डब्याशेजारी माणूस हजर पाहिजे. नसेल, तर डबा रांगेच्या शेवटी.

आबासाहेब दुष्ट होते असं मी म्हणणार नाही. भांडणं खरोखर थांबली. फक्त घरी असणाऱ्या बायकांचं दळण आधी उरकू लागलं आणि दुष्काळी कामावर जाणाऱ्यांचं राहू लागलं, एवढाच फरक पडला.

नानांच्या शेजारच्या चांगुणेचं सलग तीन दिवस राहिलं. तिचा नवरा ऊसतोडीला गेलेला, घरात आंधळी सासू आणि दोन पोरं. चांगुणा दीड कोसावर खडी फोडायला जाई. साडेपाचला सुट्टी झाली की अर्धी वाट चालत नि अर्धी पळत साडेसहाच्या आत गावात शिरे, पण तोवर डबा रांगेच्या शेवटी गेलेला असे आणि नंबर यायच्या आत सातला इंजिन बंद. तीन दिवस पोरांनी मिलोच्या घुगऱ्या खाल्ल्या. चौथ्या दिवशी ती कामावर न जाता डब्याशेजारी बसली, पीठ मिळालं, आणि मुकादमाने गैरहजर म्हणून मस्टरवर फुली मारली. आणखी दोन फुल्या झाल्या की नाव कापलं जाणार होतं. म्हणजे काम ठेवायचं तर पीठ नाही, आणि पीठ घ्यायचं तर काम नाही. तिने छबूबाईंजवळ एवढंच विचारलं, "काकी, मी दोन जागी कशी हजर ऱ्हाऊ?"

नानांनी ओट्यावरून ऐकलं. त्या संध्याकाळी ते कोटाखाली लाल पट्टा बांधून गिरणीत गेले.

आबासाहेबांनी शांतपणे सोसायटीच्या पोटनियमांची वही काढली आणि अकरावा नियम वाचून दाखवला. कोणताही नियम बहुमताने बदलण्याचा सभेला पूर्ण अधिकार आहे. सभा झाली होती, हात वर झाले होते, आणखी काय पाहिजे? नानांनी विचारलं की हात वर करायला चांगुणा होती का. आबासाहेब म्हणाले, ती कामावर होती, त्याला सभा काय करणार?

"आबासाहेब," नाना म्हणाले, आणि हळू म्हणाल्याचा त्यांचा समज असला तरी स्टँडवर उभे असलेले लोक वळले, "दर बदला, येळ बदला, इंजिनाचा पट्टा बदला, चेअरमन बदला. जातं बोथाटलं तर त्याला टाकी लावायचा अधिकार तुमाला दिलाय. जातं उचलून न्यायचा न्हाई दिला. नंबर ह्ये गिरनीचं जातं हाय."

हे वाक्य त्यांना पाच महिन्यांच्या पेपरांनी दिलं होतं, हे फक्त मला कळलं. गर्दी मात्र हसली आणि आबासाहेबांना ते लागलं. त्यांनाही नानांची खोड ठाऊक होती. ते म्हणाले, दिल्लीत तेरा बसलेत ना, मग तूही तेरा बसव. ते ठरवतील ते कमिटीला मान्य. नाना हरले, तर मात्र गिरणीच्या दारात पुन्हा तोंड उघडायचं नाही.

दिवस ठरला रंगपंचमीचा. रंग खेळायला पाणी नव्हतंच. खडीचं काम बंद, त्यामुळे बायकाही येणार होत्या. तेरा म्हणजे तेराव्याला बसल्यासारखं वाटतं, अशी कुरकूर काहींनी केली, पण नाना आकड्यावरून हटेनात. गिरणीसमोर पोती अंथरली. बारा जण येऊन बसले. त्यांत मीही होतो. तेरावा गहिनीनाथ सकाळीच मढीच्या जत्रेत गाढवांचा बाजार नुसता बघून येतो म्हणून गेला होता आणि दुपार टळली तरी परतला नव्हता. त्याच महिन्यात दिल्लीतही एक न्यायमूर्ती आजारी पडून सुनावणी अडल्याची बातमी मी वाचली होती. नानांना ते फार मोठं साम्य वाटलं. मला त्यात गाढवांचा फरक दिसत होता.

नानांनी जात्याचं वाक्य पुन्हा म्हटलं आणि ते पहिल्याहून छान जमलं. मग आबासाहेब उठले. त्यांनी वही उघडलीच नाही.

"कारभारी," ते म्हणाले, "तुझ्या कोर्टात तीन पुकारे झाले आन मानूस हजर न्हाई झाला, तर काय व्हायचं?"

नानांनी कोट सारखा केला.

"सांग की. एकतीस वर्सं तू हेच केलं."

"दावा निकाली," नाना म्हणाले. आयुष्यात प्रथमच त्यांचा आवाज शेजाऱ्यापुरता आला.

"का आला न्हाई, बस चुकली का बाळंतपन हुतं, इचारायचे?"

"न्हाई."

"मग सुप्रीम कोर्टापासनं तुझ्या व्हरांड्यापातुर ज्यो नेम चालतो, त्योच गिरनीनं केला तर जातं उचललं म्हनतोस व्हय?" एवढं बोलून आबासाहेब खाली बसले.  नाना पट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत उभे राहिले, आणि पलीकडे बायकांत बसलेल्या चांगुणेने मान खाली घातली.

मतं घेतली. सहा नानांकडे, सहा आबासाहेबांकडे. मी आबासाहेबांकडे होतो. माझ्या शाळेच्या दोन खोल्यांवर पत्रे त्यांच्या शिफारशीने यायचे होते. मी मनाला सांगितलं की त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. तो होताही. पण मत मी पत्र्यांना दिलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

आता तेरावा कोण? आबासाहेबांनीच नाव सुचवलं: छबूबाई. नव्या नियमाने ज्यांचं भलं झालं होतं त्यांत छबूबाई पहिल्या. त्या चारलाच डब्याजवळ बसत आणि साडेचारला पीठ घेऊन घरी जात. नियम फार सोयीचा झाला असं त्या आबासाहेबांच्या बायकोला म्हणाल्याही होत्या. नानांनी जोरात हरकत घेतली. पक्षकाराची बायको न्यायाधीश कशी होईल? खरं कारण वेगळं होतं. त्या दिवशी सकाळी त्यांनी तीनऐवजी सहा पुकारे करून छबूबाईंना दोन वेळा चुलीपुढून उठवलं होतं. पण हरकत फेटाळली गेली आणि छबूबाई डोक्यावर पदर सारखा करत पोत्यावर येऊन बसल्या.

"म्या येकदा डोळं दाखवाया तालुक्याला गेल्ते," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या व्हरांड्यात बसले हुते. येका म्हातारीची तारीख हुती आन तिची बस आली नव्हती. ह्यांनी दोन पुकारे केले. मग वहान काढून खडा झटाकला. मग रांजनाकडं जाऊन पानी पिलं. मग खोकले. आतनं साहेब म्हनले, कारभारी, तिसरा पुकारा. तर हे म्हनत्यात, साहेब, घसा बसलाय."

नाना म्हणाले, "आगं, गप." कोणी ऐकलं नाही.

"ह्यांचा घसा! तेवढ्यात म्हातारी धापा टाकत फाटकातनं शिरली, आन बसल्याला घसा असा उठला, का झाडावरची कावळी उडाली. मी शिपायाच्या पोराला इचारलं, रोजच असं व्हतं का? त्यो म्हनला, बस उशिरा आली का रोज."

बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. नाना मात्र पार उतरले होते. ज्या नोकरीवर एकही ठपका नव्हता, तिच्यावर घरच्याच माणसाने भर गावात एकतीस वर्षांचा ठपका एकदम ठेवला होता.

"नेम मोडला का? न्हाई. तीनच पुकारे केले," छबूबाई म्हणाल्या. "पर मानूस यायच्या आदी तिसरा केला न्हाई. म्हनून माझं म्हननं आसं. कमिटीचा नेम ऱ्हाऊ द्या. बाई हजर पायजे. पर तिच्या नावाचे तीन पुकारे झाल्याबिगर डबा हलवायचा न्हाई. आन पुकारा ह्यांनीच करायचा."

आबासाहेब गोंधळले. "म्हंजी तुमी कोनाच्या बाजूनं, वहिनी?"

"ते तुमी मोजा," छबूबाई म्हणाल्या आणि दळण बघायला उठून गेल्या.

सुनावणीपेक्षा मोजणी जास्त वेळ चालली. आबासाहेब म्हणत, नियम राहिला, म्हणजे आम्ही सात. नाना म्हणत, चांगुणेचा नंबर राहिला, म्हणजे आम्ही सात. शेवटी वहीत निकाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी 'सात विरुद्ध सहा' एवढं स्वच्छ अक्षरात लिहिलं. सात कोण हे लिहिताना शाई सांडली. ती आपोआप सांडली असं मी दोघांनाही शपथेवर सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून नाना पट्टा बांधून गिरणीच्या दारात. साडेचारला पहिला पुकारा. गोरक्ष चांगुणेचा डबा बाजूला घेऊन पुढचं दळण घाली, पण डब्याचा नंबर जिवंत. सहाच्या सुमारास दुसरा. दोन पुकाऱ्यांमध्ये किती वेळ असावा, हे निकालात लिहिलेलं नव्हतं. मग नाना वहाण झटकत, पाणी पीत, खोकत, आणि कामावरच्या बायका वेशीत दिसल्या की तिसरा. चांगुणेच्या मस्टरवर पुढे फुली पडली नाही.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दिल्लीचा निकाल आला. सात विरुद्ध सहा. सहा न्यायमूर्ती एकीकडे, सहा दुसरीकडे, आणि एकाने मधली वाट काढलेली: घटना बदलता येईल, पण तिचा मूळ सांगाडा मोडता येणार नाही. मी हे वाचलं तेव्हा नाना बाकावरून उठलेच. त्यांनी सांगून टाकलं की दिल्लीने आपला निकाल उतरून घेतलाय. घरी जाऊन त्यांनी छबूबाईंना पुकारलं, एकदाच, आणि त्या हलायच्या आत स्वतःच आत जाऊन चहा करायला बसले. तो चहा कोणी पिऊ शकलं नाही हा भाग वेगळा.

आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी पेपरात आलं, की सरकारने तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून चौथ्यांना सरन्यायाधीश केलं. त्या तिघांनी निकालात सरकारच्या विरुद्ध मत दिलं होतं. नानांनी मला ती बातमी दोनदा वाचायला लावली. मग म्हणाले, "आमच्या पट्टेवाल्यांत सुदीक नंबर मोडत न्हवते, गुरुजी." त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, जवळचं कोणी गेल्यासारखं.

कल्पना एकट्या दिल्लीलाच सुचत नाहीत. त्याच दुपारी आबासाहेबांचा निरोप आला. निकालात पुकारा नानांनी करायचा असं असलं, तरी गिरणीत माणूस नेमणं कमिटीचं काम आहे. तिसऱ्या पुकाऱ्याला फार उशीर होतो अशी तक्रार आहे. आज मी स्वतः घड्याळ घेऊन येतो. साडेसहाच्या आत तिसरा झाला नाही, तर उद्यापासून माझा पुतण्या पुकारेल. पुतण्याचा आवाज बारीक होता, पण घड्याळ चांगलं होतं.

त्या संध्याकाळी मीही गिरणीत गेलो. नानांनी दोन पुकारे केले. साडेसहाला पाच कमी असताना वेस मोकळीच होती. मुकादमाने त्या दिवशी खडीचे ढीग पुन्हा मोजायला लावले होते, हे आम्हाला नंतर कळलं. आबासाहेब मनगट डोळ्यांसमोर धरून उभे. इंजिन धडधडत होतं. बाजूला चांगुणेचा डबा, त्यात पायलीभर मिलो.

"कारभारी," आबासाहेब म्हणाले, "तिसरा."

नानांनी वहाण झटकली. तीत खडा नव्हता. रांजण रिकामा होता. सगळे बघत होते आणि नानांना ते कळत होतं. तिसरा पुकारा केला तर डबा जाणार, नाही केला तर उद्या पट्टा जाणार. एकतीस वर्षांत त्यांच्यासमोर कोणी घड्याळ धरलं नव्हतं.

"साहेब," ते म्हणाले, "घसा बसलाय."

यावेळी कोणी हसलं नाही. आबासाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग डब्याकडे, मग वेशीकडे. तिथे धूळ उठली होती आणि त्या धुळीत बायका पळत येत होत्या, पण अजून लांब होत्या. छबूबाई घरून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या. आबासाहेबांनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि नानांपुढे धरला. दुसरा हात, घड्याळाचा, त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातला.

"प्या, नाना," ते म्हणाले. "सावकाश प्या."

नाना प्याले. तांब्याभर पाणी प्यायला माणसाला किती वेळ लागू शकतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. मग त्यांनी तोंड पुसलं, पट्टा सारखा केला आणि छातीत हवा भरून तिसरा पुकारा केला. तो संपायच्या आत चांगुणा दारात येऊन डब्यावर हात ठेवून उभी होती.

"हजर," ती म्हणाली.